‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ पाहताना या चुका टाळा

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचा पन्नाशीचा विशेष भाग पाहून झाल्यावर ‘हा दाढीवाला म्हातारा डॉक्टर मध्येच कुठून आला?’ असा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. या मालिकेचा नायक, डॉक्टर, हा काळात प्रवास करणारा परग्रहवासी आहे; मरायला टेकला की त्याचे शरीर बदलते, म्हणून त्याला वेगवेगळे नट साकारतात. प्रत्येक वेळी कारण एकच निघाले: त्या विशेष भागाच्या नऊ दिवस आधी, म्हणजे १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, बीबीसीने इंटरनेटवर प्रदर्शित केलेला सात मिनिटांचा लघुभाग त्यांनी पाहिलेलाच नव्हता, किंवा पाहिला होता तो जाहिरात समजून. स्टीव्हन मोफॅट यांनी लिहिलेल्या या लघुभागाचे नाव ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’. तो नीट पाहिला तर मालिकेच्या पन्नास वर्षांतली एक मोठी गाठ सुटते. घाईत पाहिला तर त्याच गाठीत आणखी एक पीळ पडतो.

सर्वांत जास्त गोंधळ नावांमुळे होतो. २०१३ या एकाच वर्षात एकमेकांशी मिळत्याजुळत्या नावांचे चार भाग आले आणि शोधताना त्यांतला भलताच भाग हाती लागतो. ‘द नेम ऑफ द डॉक्टर’ १८ मे रोजी प्रक्षेपित झाला आणि त्याच्या अगदी शेवटी त्या दाढीवाल्या म्हाताऱ्या डॉक्टरचा, म्हणजे जॉन हर्ट यांचा, चेहरा पहिल्यांदा दिसला. त्यानंतर १४ नोव्हेंबरचा आपला ‘नाइट’, २३ नोव्हेंबरचा ‘द डे ऑफ द डॉक्टर’, म्हणजे पन्नाशीचा विशेष भाग, आणि नाताळच्या दिवशीचा ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’. याच क्रमाने पाहावे. ‘डे’ आधी आणि ‘नाइट’ नंतर पाहिल्यास कथा समजते, पण ‘नाइट’मधला निर्णय कशासाठी होता हे आधीच कळून चुकलेले असते आणि त्या निर्णयाची धार बोथट होते. मी स्वतः माझ्या मावसभावाला हे दोन भाग उलट्या क्रमाने दाखवले होते, आणि ज्या क्षणी त्याने श्वास रोखून धरायला हवा होता त्या क्षणी तो शांतपणे ‘हो, माहीत आहे’ म्हणाला. ती चूक मला आजही खटकते.

दुसरी चूक म्हणजे या भागाला पुढच्या भागाची झलक समजणे. झलकेत प्रसंगांचे तुकडे असतात, इथे मात्र आरंभ, संघर्ष आणि शेवट असलेली पूर्ण कथा आहे. पहिली दोन मिनिटे विशेष लक्ष देऊन पाहावीत. कॅस नावाची तरुणी कोसळत्या यानात एकटी उरली आहे, कारण बाकीचे सहकारी किंचाळत असताना तिने त्यांना सुखरूप बाहेर पाठवले आणि स्वतः मागे राहिली. पॉल मॅकगन यांनी साकारलेला डॉक्टर तिला वाचवायला येतो, तिचा हात धरतो, तिला आपल्या टार्डिसपर्यंत, म्हणजे काळात प्रवास करणाऱ्या यानापर्यंत, नेतो. ती निळी पेटी आतून किती मोठी आहे हे दिसताच कॅस ओळखते की हा टाइम लॉर्ड जातीचा आहे, आणि ती मागे सरकते. टाइम लॉर्ड आणि त्यांचे कट्टर शत्रू डालेक यांच्यातल्या युद्धात आपण कधीच भाग घेतला नाही, असे तो शपथेवर सांगतो. आपण निदान डालेक तरी नाही, असेही तो म्हणतो. त्यावर कॅस विचारते की आता त्या दोघांत फरक कोणाला ओळखू येतो? मग ती दोघांमधला दरवाजा बंद करून घेते आणि त्याच्या हातून वाचण्यापेक्षा मरण पत्करते. हे दृश्य निसटले तर पुढचे काहीच पटत नाही. आयुष्यभर मदतीला धावून जाणाऱ्या माणसाला मदत घेणारेच घाबरू लागले आहेत, हा त्याच्या वर्मी बसलेला घाव आहे, आणि पुढची पाच मिनिटे त्या घावातूनच वाहतात.

यान कार्न ग्रहावर कोसळते. इथे मराठी प्रेक्षकांची एक खास चूक होते, आणि ती शब्दामुळे होते. ‘रिजनरेशन’ या कल्पनेला आपण सवयीने ‘पुनर्जन्म’ म्हणतो. पुनर्जन्मात आधीच्या जन्माची आठवण सुटते आणि माणूस बाळ होऊन नव्याने सुरुवात करतो. डॉक्टरचे तसे होत नाही. स्मृती तीच राहते, शरीर आणि स्वभाव मात्र बदलतो. ‘कायापालट’ हा शब्द त्याला पुष्कळ जवळचा आहे. याच प्रसंगात आणखी एक बारकावा आहे. अपघातात डॉक्टर जखमी होत नाही, तो मरतो. कार्नच्या भगिनीसंघाची प्रमुख ओहिला त्याला जेमतेम चार मिनिटांपुरते परत आणते आणि कायापालट घडवणारे पेय त्याच्यापुढे ठेवते. एरवी हा बदल कसा होईल हे त्याच्या हातात नसते, इथे मात्र त्याला निवड करता येते. म्हणून हा भाग मृत्यूचा नसून निवडीचा आहे. हा भगिनीसंघ नवा नाही, टॉम बेकर डॉक्टर साकारत होते त्या काळात, १९७६ मध्ये, तो मालिकेत येऊन गेला आहे. ते जुने भाग आधी पाहिलेच पाहिजेत असे मात्र मुळीच नाही.

आता मोजणीकडे वळू, कारण बहुतेक वाद तिथेच अडतात. पॉल मॅकगन आठवा डॉक्टर, क्रिस्टोफर एक्लस्टन नववा. मग मधला जॉन हर्ट कितवा? त्याला क्रमांक नाही, कारण पेय घेतल्यानंतर तो डॉक्टर हे नावच टाकून देतो. त्याला ‘वॉर डॉक्टर’ म्हणून ओळखतात. क्रमांक नसला तरी कायापालट मात्र मोजला जातो. २००८ मध्ये डेव्हिड टेनंटच्या डॉक्टरने चेहरा तोच ठेवून एक कायापालट खर्च केला होता, तोही धरावा लागतो. म्हणूनच ‘अकरावा’ म्हणवणाऱ्या मॅट स्मिथच्या डॉक्टरपाशी ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’मध्ये टाइम लॉर्डला मिळणाऱ्या बारापैकी एकही कायापालट शिल्लक नसतो. तिथे आकडा जुळत नसेल, तर ‘नाइट’ पुन्हा पाहावा.

पेला उचलताना डॉक्टर चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन आणि मॉली या सोबत्यांना मानवंदना देतो आणि कॅसची क्षमा मागतो. ही नावे ऐकून पुष्कळजण आपला एखादा भाग पाहायचा राहिला असे समजून शोधत बसतात. ते शोधू नये. मॅकगन यांनी हा डॉक्टर पडद्यावर त्याआधी एकदाच, १९९६ च्या दूरचित्रपटात, साकारला होता, आणि त्यानंतरची बरीच वर्षे ती भूमिका त्यांनी बिग फिनिश या संस्थेच्या श्राव्यनाट्यांत जिवंत ठेवली. हे पाचही सोबती तिथलेच आहेत. सतरा वर्षांनी पडद्यावर परतलेल्या नटाच्या तोंडी ती नावे घालणे म्हणजे त्या श्रोत्यांची कृतज्ञतेने घेतलेली दखल होती, असे मी मानतो.

पाहण्याच्या काही साध्या अडचणीही टाळता येतात. कार्नवरची गुहा अंधारी आहे, त्यामुळे फोनची प्रकाशपातळी वाढवावी आणि शक्य तर मोठ्या पडद्यावर पाहावे. चाहत्यांनी कापून जोडलेल्या आवृत्त्या याच नावाने फिरतात. सात मिनिटांपेक्षा फारच लहान किंवा मोठी असलेली चित्रफीत मूळ नव्हे असे धरून चालावे. आपोआप तयार होणारी उपशीर्षके व्यक्तिनामांची वाट लावतात, म्हणून अधिकृत उपशीर्षके निवडावीत, विशेषतः पेय घेण्याआधीचे शेवटचे वाक्य चुकू नये यासाठी. वैद्याने आधी स्वतःला बरे करावे, हे ल्यूकच्या शुभवर्तमानातले वचन तो त्या घडीला उच्चारतो.

चित्रफीत श्रेयनामावली येईपर्यंत बंद करू नये. कायापालटानंतर तो कॅसच्या अंगावरचा काडतुसांचा पट्टा काढून स्वतःच्या छातीवर बांधतो आणि मग प्रतिबिंबात क्षणभर जॉन हर्ट यांचा तरुणपणीचा चेहरा दिसतो. तिथे चित्र थांबवून तो चेहरा नीट पाहून घ्यावा. ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये तोच माणूस थकलेला आणि म्हातारा होऊन समोर येतो, आणि मधला सगळा काळ त्याने युद्धात काढलेला असतो.