घोड्याखालचा भुसा आणि पुढ्यातलं खाद्य, दोन्ही आधी तपासा

टिंबर मार्केटमधून भुशाची पोती आणताना पहिलं विचारायचं, लाकूड कुठलं? साधा पाईनचा रंध्याचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा अजिबात घेऊ नका, आणि इंपोर्टेड लाकडाचा असेल तर त्यात ब्लॅक वॉलनट (काळा अक्रोड) नाही ना हे पक्कं करा, कारण त्याच्यावर नुसतं उभं राहिलं तरी 12 ते 24 तासांत खूर गरम होतात, पाय सुजतात, घोडा पाऊल टाकेनासा होतो. असं दिसलं की भुसा सगळा बाहेर काढा आणि डॉक्टरला लगेच फोन लावा, सकाळची वाट बघू नका.

खाद्यात सगळ्यात भीती मोनेन्सिन या औषधाची. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात असतं, घोड्याचं हृदयच निकामी करतं, म्हणून घमेलंसुद्धा वेगळं ठेवा प्लीज.

पावसाळ्यात मका मुठीत घेऊन बघायचा. गुलाबी-पांढरी बुरशी दिसली तर पोतंच बाद, उन्हात वाळवून विष जात नाही, थेट मेंदूवर जातं.

आणि हो, डिव्हायडरवरची कण्हेर! गवत आणणाऱ्याला नीट बजावून ठेवा, वाळलेलं पानही विषारीच असतं.