आंबिया संत्री, दोनदा घातलेले आले आणि रम

नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात संत्र्याचे दोन बहार धरता येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तोडणीस येतो, तर पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहार पुढच्या फेब्रुवारीपासून बाजारात दिसू लागतो. नुसते सोलून खाण्यासाठी बहुतेक जण मृगाचे गोड फळ पसंत करतात. पण गच्चीवर शेकोटीभोवती जमणाऱ्या मंडळींसाठी जो पंच, म्हणजे रम, फळांचा रस आणि मसाल्याचे पेय, करायचा आहे, त्याला आंबियाच्या फळातली किंचित आंबट धार लागते, आणि नाताळ ते 31 डिसेंबर या आठवड्यात हेच फळ हाताशी असते, हा मोठाच सोयीचा योग आहे. पुढील प्रमाण आठ ग्लासांचे आहे.

या आठवड्यात बाजारात पंजाबकडचा किन्नोही आलेला असतो आणि त्याच्या चकाकीमुळे तो अधिक खपतो. दोन्हींतला फरक डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो: किन्नोची साल फोडींना घट्ट चिकटलेली असते, नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि देठाजवळ दाबल्यास आत पोकळी जाणवते. साल थोडी हिरवट असली तरी बिघडत नाही, कारण आंबियाचे फळ पूर्ण पिकूनही हिरवी छटा राखू शकते. आकाराच्या मानाने जड लागणारी बारा ते चौदा फळे घ्यावीत. त्यांतून सुमारे 800 मिलिलिटर रस निघतो. किन्नोला रस जास्त असतो, पण त्याच्या बियाही जास्त असतात, आणि या पेयात बी हाच खरा शत्रू आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी सकाळी निवांत वेळ होता म्हणून सोललेल्या फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या, रस गाळून फ्रिजमध्ये ठेवला आणि संध्याकाळी अभिमानाने वाढला; पाहुण्यांनी शिष्टाचार म्हणून दोन घोट घेतले आणि नंतर कठड्यावर अर्धे भरलेले ग्लास ओळीने उभे राहिले. रस चक्क कडू झाला होता. बिया आणि फोडींवरचे पापुद्रे यांच्यात एक द्रव्य असते, जे आरंभी बेचव असते; पण रसातल्या आम्लाशी संपर्क आला की काही तासांत त्याचे लिमोनिन या कडू पदार्थात रूपांतर होते. म्हणून मिक्सर वापरू नये. संत्रे आडवे कापून लिंबाच्या पिळणीसारख्या हाताच्या यंत्रावर हलक्या हाताने पिळावे, शेवटचा थेंब काढण्याचा हट्ट धरू नये, रस लगेच गाळावा आणि हे सारे पाहुणे येण्याच्या अर्ध्या तासाआधी करावे. बाकीची तयारी दोन दिवस आधी होऊ शकते, ही मात्र नाही.

दोन दिवस आधीच्या तयारीत पाक येतो, आणि पाकाची सुरुवात सालीपासून होते. लहानपणी संत्र्याची साल चिमटीत दाबून भावंडांच्या डोळ्यांत फवारा मारण्याचा खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना सालीत किती तेल असते हे सांगण्याची गरज नाही. तेच तेल आपल्याला हवे आहे. दोन संत्री चांगली चोळून धुवावीत, साल काढून तिच्या आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून टाकावा आणि नारिंगी भागाचे तुकडे 200 ग्रॅम साखरेत मिसळून मुसळीने किंवा वाटीच्या बुडाने थोडे रगडावेत. झाकण ठेवून दोन तास बाजूला ठेवले की साखर ओलसर, पिवळसर होते आणि झाकण उघडताच सगळ्या स्वयंपाकघराला वास लागतो.

आता आले. साताऱ्याकडचे असो वा अन्य कुठले, ते टणक आणि रसरशीत असावे. सुरकुतलेल्या आल्यात तिखटपणा असतो पण रस नसतो. एकूण 200 ग्रॅम आले घेऊन त्याचे दोन समान भाग करावेत, कारण ते दोन वेळा घालायचे आहे. पहिल्या भागाच्या चकत्या 250 मिलिलिटर पाण्यात दोन इंच दालचिनी आणि चार लवंगांसह मंद आचेवर दहा मिनिटे उकळाव्यात, मग साल-साखर आणि 50 ग्रॅम चिरलेला गूळ घालून विरघळू द्यावा, आणि आणखी दोन-तीन मिनिटांत आच बंद करावी. एकतारीची वाट पाहायची नाही. हा सरबताचा पाक आहे, जिलबीचा नव्हे. सगळी गोडी गुळाचीच का ठेवू नये, असे मला विचारले जाते. कोल्हापुरी गूळ मला अतिशय प्रिय आहे, परंतु तो मुख्य झाला की संत्रे मागे पडते आणि ग्लासात पन्हे असल्याचा भास होतो. 50 ग्रॅमपुरता तो रमची काकवीसारखी चव उचलून धरतो, तेवढे पुरे.

उकळल्याने आल्यातील तिखट द्रव्याचा बराचसा जोर जातो आणि मागे गोडसर, खोल उष्ण चव राहते. ती हवीच, पण घशाला जी झिणझिण लागायला हवी ती कच्च्या आल्याची. म्हणून दुसरा भाग किसून, मलमलीच्या फडक्यात घालून पिळावा. निघालेला सुमारे 50 मिलिलिटर रस वाटीत दहा मिनिटे न हलवता ठेवावा, म्हणजे तळाशी खडूच्या चिखलासारखा पांढरा थर बसतो. तो आल्यातला स्टार्च आहे. वरचा स्वच्छ रस हळूच ओतून घ्यावा आणि तळ फेकून द्यावा, नाहीतर पेय गढूळ दिसते आणि जिभेवर पिठूळ लागते. पाक गाळून पूर्ण गार झाल्यानंतरच हा रस त्यात मिसळावा. असा सुमारे 400 मिलिलिटर पाक तयार होतो. फ्रिजमध्ये बंद बाटलीत तो आठवडाभर चांगला राहतो, आणि आठ ग्लासांना त्यातला 160 मिलिलिटरच लागतो.

पंच हा शब्द आपल्याच ‘पाच’वरून इंग्रजीत गेला असे मानले जाते: मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला असे ते पाच घटक, आणि 17व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज दर्यावर्द्यांनी व व्यापाऱ्यांनी हे पेय मायदेशी नेले. आपल्याकडे रम, लिंबू, पाक, सोडा आणि आले असे पाच आधीच भरले आहेत; त्या हिशेबाने संत्रे सहावे ठरते, पण त्याच्याविना या खटाटोपाला अर्थ नाही.

मोठ्या जगात 160 मिलिलिटर पाक, 800 मिलिलिटर संत्र्याचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र करावे. मिठाने कडवटपणा दबतो. सहा कागदी लिंबांचा सुमारे 120 मिलिलिटर रस अगदी शेवटी घालावा, कारण आम्ल वाढले की कडूपणाही लवकर येतो. रम जगात मुळीच घालू नये. बऱ्याच घरांत आधीच सगळे मिसळून ठेवतात आणि मग आजीसाठी, मुलांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यासाठी काहीतरी बाटलीतले रंगीत आणतात. त्यापेक्षा जग सगळ्यांना एकच असावा आणि रम ज्याच्या त्याच्या ग्लासात पडावी.

ग्लास 350 मिलिलिटरचा, सरळ उभा घ्यावा. त्यात बर्फाचे मोठे तुकडे, त्यावर 45 मिलिलिटर, म्हणजे दीड छोटा पेग, गडद रम आणि मग जगातले 135 मिलिलिटर मिश्रण घालून लांब चमच्याने एकदा ढवळावे. वरून 75 मिलिलिटर थंडगार सोडा ग्लासच्या कडेने सोडावा आणि पुन्हा ढवळू नये. आपल्याकडे मिळणारी रम साधारण 42.8 टक्के तीव्रतेची असते, त्यामुळे ग्लासातल्या पेयाची तीव्रता साडेसात टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे स्ट्राँग बिअरइतकी. गोडव्यामुळे ती जाणवत नाही, म्हणून माप डोळ्यांनी न घेता मापानेच घ्यावे. शेवटी किसणीवर जायफळ दोनदाच फिरवावे. श्रीखंडाच्या सवयीने हात सैल सुटला तर बाकी सगळ्या चवी झाकल्या जातात.

रम न घेणाऱ्यांच्या ग्लासात तेवढाच कोरा, कडक, गार केलेला चहा घालावा. चहाचा तुरटपणा मद्याची जागा पुष्कळशी भरून काढतो, आणि माझ्या घरी काही रमवालेही दुसऱ्या फेरीला चहाकडे वळतात. गोव्याहून कोणी काजूची फेणी आणली असेल तर तीही चालते, मात्र तिचा वास दांडगा असल्याने 30 मिलिलिटरच घ्यावी आणि पाक करताना गूळ वगळावा.

महाराष्ट्रात रमसारखे मद्य पिण्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. वर्ध्याच्या आर्वी-कारंजा भागात संत्री पिकतात, पण तेथे हा ग्लास चहाचाच भरावा. रमने ऊब येते ही समजूतही अर्धीच खरी आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने गरम वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते, तेव्हा गच्चीवर शाल खांद्यावरून काढू नये.

सोबत खारे शेंगदाणे किंवा हुरड्याबरोबरची लसणाची कोरडी चटणी ठेवावी. गोड काही नको. उरलेला पाक दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात लिंबू पिळून घेतला तर जागरणाने बसलेल्या घशाला बरा वाटतो. जगात उरलेला रस मात्र रात्रीच संपवावा, कारण सकाळपर्यंत तो कडू झालेला असतो.