पासवर्ड मॅनेजर निवडताय? या चुका टाळा

पुण्यातल्या बऱ्याच घरांत पासवर्ड ठेवायच्या दोनच जागा असतात: कपाटातली जुनी डायरी, नाहीतर डेस्कटॉपवरची ‘पासवर्ड्स’ नावाची एक्सेल फाईल. डायरीला मी फार नावं ठेवणार नाही, ती पळवायला निदान घरात शिरावं लागतं. एक्सेल फाईल मात्र आजच पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच मुख्य (मास्टर) पासवर्डाच्या कुलपात ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये. आणि हलवायला बसलात की ‘सगळ्यात भारी मॅनेजर कोणता’ यावर आठवडा घालवू नका. नावाजलेल्या मॅनेजरांचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून मजकूर सांकेतिक करणं) सहसा चांगलंच असतं. माणसं अडकतात ती भलत्याच ठिकाणी.

ऑफिसचा लॅपटॉप, घरचे पासवर्ड

हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्यांची ही हमखास चूक. दिवसभर तोच लॅपटॉप समोर, म्हणून डीमॅट, मिळकत कर, मुलांच्या शाळेचं पोर्टल, सगळं ऑफिसच्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये सेव्ह. नोकरी सुटली की ते खातं बंद होतं आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातात. खासगी पासवर्ड खासगी ईमेलवर उघडलेल्या मॅनेजरमध्येच हवेत, तेही स्वतःच्या मशीनवर.

घरच्या मशीनची वेगळीच तऱ्हा. विंडोजला पासवर्ड नाही, सगळ्या घराचं मिळून एक खातं, आणि कुणीतरी कधीतरी टाकून दिलेलं क्रॅक केलेलं फोटोशॉप. अशा क्रॅकबरोबर येणारी चोरटी सॉफ्टवेअर्स ब्राउझरमध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डांवर आधी डल्ला मारतात. मशीनमध्येच घाण असेल तर कुठल्याही मॅनेजरचा उपयोग नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आधी मशीनचं बघा, मग मॅनेजरचं.

जाहिरातीवर क्लिक करून डाउनलोड

सर्चमध्ये सगळ्यात वर दिसतं ते खरंच असतं असं नाही. २०२५ साली कीपास या पासवर्ड मॅनेजरचा बनावट इन्स्टॉलर उघडकीस आला. सर्चमधल्या जाहिरातींतून लोक त्याच्यापर्यंत पोचत होते. तो हुबेहूब खऱ्यासारखा चालायचा आणि आतले पासवर्ड मात्र चोरांच्या हाती द्यायचा. पत्ता स्वतः टाईप करून अधिकृत साइटवर जा. ओळखीतल्या कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली सेटअप फाईलही नको.

मास्टर पासवर्ड: आडनाव, @, १२३

२०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरवर हल्ला झाला आणि ग्राहकांच्या व्हॉल्टच्या (पासवर्डांच्या तिजोरीच्या) बॅकअप प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण साइटचे पत्ते उघडेच होते. शिवाय चोराकडे प्रत आली की तो आपल्या सवडीने, कितीही वेळा मास्टर पासवर्ड ताडून बघू शकतो. तिथे तुमचं आडनाव, गणपती किंवा ४११०३८ हा कोथरूडचा पिनकोड किती टिकणार? अभंगाची किंवा गाण्याची ओळही नको, ती सगळ्यांनाच पाठ असते.

एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घ्या. ते मनाने निवडू नका, फासे टाकून क्रमांक लावलेल्या शब्दांच्या यादीतून काढा. ७,७७६ शब्दांच्या यादीतून असे पाच शब्द निघाले तर शक्यतांचा आकडा २८ वर १८ शून्यं इतका होतो. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणार असाल तर एक खास आपली अडचण आहे: आज ‘झाड’ला झेड लावलात आणि सहा महिन्यांनी जे-एच, तर कुलूप उघडत नाही. ‘वहिनी’ व्हीने की डब्ल्यूने, तेही तसंच. स्पेलिंग ठरवा आणि ते पाठ होईपर्यंत कागदावर ठेवा. देवनागरीत पासवर्ड ठेवायची हौस टाळा, कारण दुसऱ्या मशीनवर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही.

बिटवॉर्डन हा मॅनेजर वापरत असाल आणि खातं जुनं असेल तर सिक्युरिटी सेटिंगमध्ये केडीएफ इटरेशन्सचा आकडा बघा; तो जितका मोठा, तितकं चोराला मास्टर पासवर्ड ताडून बघायला जास्त वेळ लागतो. तो ६,००,००० पेक्षा कमी असेल तर वाढवा.

किल्ली कुलपाच्या आत

सगळ्यात जास्त रडारड इथे होते. हार्ड डिस्क गेली, नवा लॅपटॉप आणला, मॅनेजर उघडला. तो म्हणतो, ईमेलवर कोड पाठवलाय. ईमेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये. ईमेल मागतं ऑथेंटिकेटरचा (फोनवर लॉगिनचे कोड देणाऱ्या अ‍ॅपचा) कोड, आणि तो फोन गेल्याच महिन्यात एक्स्चेंजमध्ये दिलेला. यावर नंतर इलाज जवळजवळ नसतो, कारण चांगल्या मॅनेजरच्या कंपनीकडे तुमचा मास्टर पासवर्ड नसतोच. म्हणून खातं उघडलं त्याच दिवशी रिकव्हरी कोड (अडकलात तर खात्यात शिरायचा राखीव कोड) छापा आणि एफडीच्या पावत्यांच्या फाईलमध्ये ठेवा. ईमेलचा पासवर्डही वेगळा पाठ हवा. घरातल्या आणखी एका माणसाला ती फाईल कुठे आहे हे ठाऊक असू द्या.

मग घ्यावा कोणता? घरात चार फोन आणि दोन लॅपटॉप असतील तर बिटवॉर्डन. त्याच्या फुकट प्लॅनमध्येही कितीही उपकरणं जोडता येतात. एकच कॉम्प्युटर असेल आणि क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरवरची साठवण) नको असेल तर कीपासएक्ससी, जो पासवर्ड तुमच्याच मशीनवरच्या फाईलमध्ये ठेवतो, पण मग बॅकअपची जबाबदारी सर्वस्वी तुमची. त्याची फाईल गूगल ड्राइव्हवर ठेवून दोन मशीनवर एकाच वेळी उघडलीत तर दोन प्रती तयार होतात आणि एकीतले नवे पासवर्ड दुसरीत दिसत नाहीत. घाबरून एक प्रत उडवू नका. कीपासएक्ससीच्या डेटाबेस मेनूतल्या मर्जने दोन्ही एकत्र होतात.

क्रोम ब्राउझरमधून मॅनेजरमध्ये पासवर्ड आणताना बनणारी सीएसव्ही फाईल उघड्या मजकुराची असते. आयात झाली की ती डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

‘ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणं) चालत नाही’ ही तक्रार मात्र नेहमी बिघाडाची नसते. मॅनेजर साइटचा पत्ता जुळवून बघतो, पानाच्या रंगरूपाला तो भुलत नाही. ट्रॅफिक चलनाच्या बनावट लिंकवर (चलनाचा मेसेज आला की पुण्यात फारशी कुणाला शंकाच येत नाही) किंवा बँकेच्या नकली पानावर तो गप्प बसतो, आणि आपण वैतागून पासवर्ड कॉपी-पेस्ट करतो. आधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. पत्ता खरा असेल आणि बँकेने लॉगिनचं पान नुसतं बदललं असेल, तर मॅनेजरमधल्या त्या नोंदीत नवा पत्ता जोडा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.