लिनक्स संगणकावर क्लॅमएव्हीने व्हायरस तपासणी कशी करावी

सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमच्या चादरीच्या कारखान्याचे छोटे कार्यालय आहे आणि तिथल्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही लिनक्स प्रकारातली कार्यप्रणाली चालते. नक्षीच्या फाइली डिझायनरकडून पेनड्राइव्हवर येतात, त्याच पेनड्राइव्हवर लेबलांचा मजकूर छपाईच्या दुकानात जातो आणि महिनाअखेरीस जीएसटीची बिले कर सल्लागारांकडे पोहोचतात. या साखळीतला आमचा एक संगणक सोडला, तर बाकी सगळे विंडोजवर चालतात. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाही, म्हणून लिनक्स वापरणारे निर्धास्त असतात. परंतु न चालणारा व्हायरसही फाइलच्या रूपाने पेनड्राइव्हवर तसाच राहतो आणि पुढच्या संगणकात शिरतो. त्यामुळे लिनक्सवरची तपासणी ही मुख्यतः आपल्याकडून फाइली घेणाऱ्यांसाठी असते, असे माझे मत आहे, आणि ती कुठे व कशी करावी हेही त्यावरूनच ठरवावे.

एकदा मार्चअखेरीस बाहेरून परत आलेला पेनड्राइव्ह मी उघडला, तेव्हा ‘चादर’ आणि ‘टॉवेल’ या फोल्डरांच्या जागी त्याच नावांच्या एक-दोन केबीच्या शॉर्टकट फाइली होत्या आणि मूळ फोल्डर नावाऐवजी नुसती रिकामी जागा असलेल्या एका फोल्डरात हलवलेले होते. विंडोजवर असा फोल्डर लपवलेला असतो. माणूस नेहमीच्या सवयीने शॉर्टकटवर क्लिक करतो आणि व्हायरस सुरू होतो. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये मात्र तो उघड दिसत होता आणि आतली सगळी नक्षी सुखरूप होती. शॉर्टकटच्या शेजारी पडलेली छोटी स्क्रिप्ट फाइल न उघडता मी तपासणी केली, तेव्हा क्लॅमएव्हीने तीच नेमकी दाखवली.

क्लॅमएव्ही हा मुक्त स्रोत असलेला, फुकट मिळणारा तपासणी प्रोग्राम आहे. तो २००२ मध्ये प्रथम आला आणि आता सिस्को कंपनीचा टॅलोस विभाग त्याची देखभाल करतो. उबुंटू, डेबियन किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल क्लॅमएव्ही’ ही आज्ञा द्यावी. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत. या प्रोग्रामचे संक्षिप्त नाव सी, एल, ए, एम, ए, व्ही असे जोडून लिहितात.

तपासणीआधी व्हायरसच्या खुणांची यादी ताजी असली पाहिजे. हे काम ‘फ्रेशक्लॅम’ करतो आणि वर सांगितलेल्या लिनक्सवर तो प्रोग्रामबरोबर आपोआप पार्श्वभूमीत सुरू होतो. पहिली यादी बरीच मोठी असल्याने मोबाइलच्या डेटावर ती उतरवण्याऐवजी कार्यालयाच्या ब्रॉडबँडवर उतरवावी. आपण हाताने फ्रेशक्लॅम चालवला आणि लॉग फाइल दुसऱ्या प्रक्रियेने अडवली आहे असा संदेश आला, तर घाबरू नये. पार्श्वभूमीतला फ्रेशक्लॅम चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. हातानेच चालवायचे असेल, तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप’ लिहून पुढे ‘क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम’ हे सेवेचे नाव द्यावे, यादी उतरवावी आणि मग ‘स्टॉप’च्या जागी ‘स्टार्ट’ लिहून सेवा पुन्हा चालू करावी.

आता प्रत्यक्ष तपासणी. टर्मिनलमध्ये ‘क्लॅमस्कॅन’ लिहावे, मग मोकळी जागा सोडून एक आडवी रेघ आणि तिला जोडून आर हे अक्षर, पुन्हा मोकळी जागा, रेघ आणि आय हे अक्षर लिहावे. आर म्हणजे आतले सगळे फोल्डरही पाहणे. आय म्हणजे फक्त संशयित फाइलींचीच नावे दाखवणे. यानंतर मोकळी जागा सोडून फाइल मॅनेजरमधला पेनड्राइव्हचा फोल्डर ओढून टर्मिनलवर सोडला की त्याचा पूर्ण पत्ता बहुतेक टर्मिनलमध्ये आपोआप लिहिला जातो. तो हाताने लिहिताना होणाऱ्या चुका त्यामुळे टळतात. एंटर दाबल्यावर काही वेळ पडद्यावर काहीच हलत नाही, कारण लाखो खुणांची यादी आधी मेमरीत चढते. या यादीला सुमारे एक जीबी रॅम लागते, म्हणून दोन जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर ब्राउझर बंद करूनच तपासणी करावी.

संशयित फाइल सापडली की तिच्या पत्त्यापुढे व्हायरसचे नाव आणि ‘फाउंड’ हा शब्द येतो. ते नाव नीट वाचावे. ‘विन’ने सुरू होत असेल तर धोका विंडोजला आहे, ‘युनिक्स’ने सुरू होत असेल तर आपल्याच यंत्राला असू शकतो, ‘डॉक’ किंवा ‘पीडीएफ’ असेल तर तो कागदपत्रात दडलेला आहे. शेवटच्या सारांशात किती फाइली पाहिल्या तो आकडाही पाहावा. पेनड्राइव्हवर शेकडो फाइली असताना तिथे तीन किंवा चार दिसले, तर पत्ता चुकला आहे असे समजावे.

क्लॅमस्कॅनला ‘रिमूव्ह’ हा पर्याय देऊन फाइली आपोआप पुसू नयेत, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम सर्वसाधारणपणे एका मेल फोल्डरातली सगळी पत्रे एकाच मोठ्या फाइलीत साठवतो. हजार पत्रांपैकी एका बनावट बिलाच्या जोडपत्रात व्हायरस असला, तरी क्लॅमएव्हीच्या दृष्टीने ती संपूर्ण फाइल संशयित ठरते, आणि ‘रिमूव्ह’ दिलेला असेल तर व्यापाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या मागण्या एका क्षणात नाहीशा होतात. अशा वेळी थंडरबर्डमध्ये जाऊन ते पत्र पुसावे, कचरापेटी रिकामी करावी आणि मग फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ निवडावे. कॉम्पॅक्ट केल्याशिवाय पुसलेले पत्र फाइलीतच राहते आणि पुढच्या तपासणीत तोच इशारा पुन्हा येतो. इतर फाइलींसाठी आधी एक वेगळा फोल्डर तयार करून ‘मूव्ह’ या पर्यायाने संशयित फाइल तिथे हलवावी, म्हणजे इशारा खोटा निघाल्यास ती परत आणता येते.

संपूर्ण डिस्क रोज तपासण्याची गरज मला वाटत नाही. आपला होम फोल्डर, त्यातही डाउनलोड आणि मेल, आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालते. पेनड्राइव्ह मात्र प्रत्येक वेळी पाहावा, येताना आणि जातानाही. पूर्ण डिस्क पाहायचीच असेल, तर ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘डेव्ह’ हे फोल्डर वगळावेत, कारण त्यांत खऱ्या फाइली नसतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा असे तासन्‌तास चालणारे काम सकाळी लवकर उरकावे, कारण प्रोसेसर सतत तापत राहतो.

या प्रोग्रामच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. पासवर्ड लावलेल्या झिप फाइलीच्या आत त्याला पाहता येत नाही आणि ठरावीक आकारापेक्षा मोठ्या फाइली तो वगळतो. शिवाय उतरवलेली लिनक्सची प्रतच बनावट असेल, तर या तपासणीवर विसंबता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन तिथली डाउनलोडची लिंक मिंटच्या अशा प्रतीकडे वळवण्यात आली होती, जिच्यात घुसखोरांसाठी छुपे मागचे दार ठेवलेले होते. अशा वेळी उतरवलेल्या प्रतीचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, खात्रीच्या ठिकाणच्या आकड्याशी जुळवून पाहणे हाच उपाय असतो.

पेनड्राइव्हवर काही सापडले, तर तो साफ करून गुपचूप परत देऊ नये. ज्यांच्याकडून आला त्यांना फोन करून व्हायरसचे नाव आणि फाइलीचे नाव सांगावे, म्हणजे त्यांचा विंडोज संगणक ते तपासून घेतील. नाहीतर पुढच्या खेपेला नक्षीबरोबर तोच व्हायरस पुन्हा आपल्याकडे येतो.