फोन सर्व्हरची जोडी उभारताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर या पट्ट्यातील कारखाने आणि रुग्णालये यांच्या इंटरनेट टेलिफोनीच्या दुरुस्तीला गेलो की "आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, त्यामुळे काळजी नाही" हे वाक्य मला हमखास ऐकावे लागते. दुसरा सर्व्हर विकत घेणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. पहिला बंद पडला हे ठरवायचे कोणी, कशावरून, आणि तो प्रत्यक्षात चालूच असेल तर पुढे काय, हे खरे कठीण प्रश्न आहेत आणि घाईत नेमके तेच बाजूला राहतात.

जालन्यातील एका बियाणे कंपनीची शेतकरी हेल्पलाइन मृगाच्या पेरणीच्या दिवसांत अर्धवट मुकी झाली होती. ॲस्टरिस्क या फोन जोडून देणाऱ्या प्रणालीचे दोन सर्व्हर, दोन मजल्यांवरचे दोन नेटवर्क स्विच, त्यांना जोडणारी एकच केबल, आणि कीपअलाइव्ह्ड या प्रोग्रॅमने सांभाळलेला, त्या वेळी मुख्य असलेल्या सर्व्हरकडेच राहणारा एक सामायिक आयपी पत्ता, अशी तिथली रचना होती. तक्रार एवढीच होती की वरच्या मजल्यावरचे फोन आपसांत लागतात, पण बाहेरचा एकही कॉल तिथे वाजत नाही. दोन तास सगळ्यांनी फोनसंचच बदलून पाहिले. मी पोहोचल्यावर दोन्ही सर्व्हरवर आयपी ॲड्रेसची आज्ञा दिली, तेव्हा तोच सामायिक पत्ता दोन्हीकडे दिसला. स्विचांमधल्या केबलची क्लिप तुटून ती सैल झाली होती, त्यामुळे खालच्या सर्व्हरचा संदेश वर पोहोचेना, आणि पहिला मेला असे समजून वरच्याने स्वतःला मुख्य करून घेतले. राउटर खालच्या स्विचवर असल्याने बाहेरचे सगळे कॉल खालीच येत राहिले. यालाच स्प्लिट ब्रेन म्हणतात.

केबल नीट बसवताच पत्त्याचे भांडण मिटले, कारण कीपअलाइव्ह्डमध्ये ज्याचा अग्रक्रम जास्त तो पत्ता ठेवतो आणि दुसरा माघार घेतो. रेकॉर्डिंगचे तसे झाले नाही. दोन सर्व्हरच्या डिस्क एकसारख्या ठेवणाऱ्या डीआरबीडीच्या दोन्ही प्रतींमध्ये त्या दोन तासांत वेगवेगळे लिखाण झाले होते, म्हणून तिने पुन्हा जुळण्यास नकार दिला, आणि एका बाजूचे लिखाण टाकून दिल्याशिवाय ती जुळणार नव्हती. टाकण्याआधी वरच्या सर्व्हरवरच्या फाइली एकेक करून बाहेर काढण्यात माझी रात्र गेली.

तेव्हापासून दोन सर्व्हरांमध्ये स्विचला वळसा घालून एक थेट केबल टाकल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. ती असती तरी वरच्या मजल्याचे फोन तेवढा वेळ बंदच राहिले असते, परंतु दोन मालक झाले नसते आणि नोंदी सुरक्षित राहिल्या असत्या. शिवाय दोघांच्या मतदानात बहुमत होत नाही, म्हणून कोरोसिंक आणि पेसमेकर हे ताबा कोणाकडे ते ठरवणारे प्रोग्रॅम वापरून, वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या यूपीएसवर ठेवलेला एक लहानसा संगणक मी केवळ तिसऱ्या मतासाठी जोडतो. ताबा घेण्याआधी जोडीदाराची वीज आयपीएमआय या सर्व्हर दूरून चालू-बंद करण्याच्या सोयीमार्फत तोडायची, ही फेन्सिंगची पायरी अनेक नवशिके "नंतर करू" म्हणून बंद ठेवतात. ती बंद ठेवणे मला मान्य नाही. सामायिक डेटा असलेल्या जोडीत ती नसेल तर मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करत नाही.

दुसरी चूक रजिस्ट्रेशनची, म्हणजे फोनने आपला पत्ता सर्व्हरकडे नोंदवण्याची आहे आणि ती फसवी आहे. सर्व्हर बदलल्यावर लोक एक फोन उचलून बाहेर नंबर लावतात, तो लागतो, आणि सगळे समाधानाने घरी जातात. वास्तविक बाहेर जाणाऱ्या कॉलची ओळख त्या कॉलपुरती पासवर्डने तपासली जाते. त्यासाठी फोनची आधीची नोंद लागत नाही. येणारा कॉल मात्र फोन कोणत्या पत्त्यावर आहे हे ठाऊक असल्याशिवाय वाजवता येत नाही, आणि ही नोंद पहिल्या सर्व्हरजवळच राहिलेली असते. अनेक फोनसंचांवर रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० सेकंद असते, म्हणजे रुग्णालयाचा चौकशी कक्ष तासभर शांत राहू शकतो आणि गर्दी कमी आहे असेच सर्वांना वाटते. मी नोंदी दोन्ही सर्व्हरना दिसतील अशा डेटाबेसमध्ये ठेवतो आणि मुदत ३०० सेकंदांवर आणतो. तीस सेकंदांवर आणण्याचा मोह टाळावा, कारण शेकडो फोन असतील तर नुसत्या नोंदींनीच सर्व्हर दमतो.

सर्व्हरचा प्रोसेस चालू आहे एवढ्यावरून तो निरोगी ठरवू नये. आतून अडकून बसलेला ॲस्टरिस्क प्रोसेसांच्या यादीत छान दिसतो आणि एकाही कॉलला उत्तर देत नाही. माझी तपासणी सिप या इंटरनेट कॉलच्या नियमावलीतला, "आहेस का" असे विचारणारा ऑप्शन्स संदेश पाठवते, उत्तराची वाट पाहते आणि सलग तीनदा उत्तर आले नाही तरच ताबा बदलते. फोनमध्ये दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता भरून ठेवला म्हणजे झाले, हाही गैरसमज आहे : यूडीपीवर (पोचपावती न देणाऱ्या पाठवणीवर) उत्तर न देणाऱ्या सर्व्हरला कॉलचा संदेश सिपच्या नियमानुसार ३२ सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवला जातो, आणि तोवर माणूस फोन ठेवून देतो.

दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर ठेवू नयेत. दोन कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या तरी त्या एकाच रस्त्याच्या कडेने आल्या असतील तर रुंदीकरणाचा एक जेसीबी दोन्ही तोडतो. लाइन कोणत्या वाटेने येते हे मी स्वतः चालत जाऊन पाहतो. सर्व्हर वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर दुसऱ्याचा पत्ताही ट्रंक, म्हणजे बाहेरच्या कॉलची जोडणी, देणाऱ्या कंपनीच्या परवानगी यादीत आहे का, हे लेखी विचारावे. चालू असलेले कॉल ॲस्टरिस्कमध्ये ताबा बदलताना तुटतात, ही गोष्ट मालकाला पहिल्याच बैठकीत सांगावी.

चाचणी म्हणून कीपअलाइव्ह्डची सेवा आज्ञा देऊन बंद करणे हा आळस आहे. नीट बंद होणारा कीपअलाइव्ह्ड जाताना शून्य अग्रक्रमाचा निरोप पाठवतो आणि दुसरा जवळपास तत्काळ उभा राहतो. अचानक वीज गेलेला सर्व्हर असा निरोप देत नाही, तेव्हा दुसऱ्याला तीनेक सेकंद वाट पाहावी लागते आणि खऱ्या उणिवा तिथेच उघड होतात. मी महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी, स्वागतकक्षाला आधी कळवून, मुख्य सर्व्हरची वीजवायर हाताने ओढतो आणि मोबाइलवरून आत फोन लावून पाहतो. पहिली घंटी किती सेकंदांनी वाजली, ते रॅकच्या दाराला अडकवलेल्या वहीत तारखेसह लिहितो.