फुटपाथवरच्या टीबी रुग्णासाठी पलंग मिळवताना

टीबीचे नेहमीचे उपचार ६ महिने चालतात: २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. उघड्यावर राहणाऱ्याचे उपचार मध्येच सुटले की त्याला बेफिकीर ठरवलं जातं. पण पावसात गोळ्यांची पाकिटं भिजतात, रस्ता मोकळा करताना त्याचं बोचकं गाडीत जातं, आणि गोळ्यांबरोबर कागदपत्रंही जातात.

म्हणून गोळ्या निदान होताच सुरू करा आणि त्याच आठवड्यात निवारा केंद्रात ६ महिन्यांसाठी एकच पलंग ठरवून घ्या. केंद्र चोवीस तास उघडं हवं. सकाळी सातला बाहेर काढणारं केंद्र तापाने फणफणलेल्या माणसाच्या काय कामाचं?

‘टीबीवाला नको’ असं उत्तर बहुधा मिळेलच. उपचार सुरू केल्याची तारीख आणि थुंकी तपासणीचा निकाल डॉक्टरांकडून लेखी घेऊन जा. औषधं लागू पडत असतील आणि रोज घेतली, तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. तोवर वेगळी खोली. ती नसेल तर खिडकीलगतचा, इतरांपासून लांबचा पलंग, मास्क आणि थुंकायला झाकणाचा डबा. खिडकी रात्रीही उघडीच. शेजारी झोपणाऱ्यांची तपासणी करून घ्या.

गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव घालून, व्यवस्थापकाच्या कपाटात ठेवा. पहिल्या दोन महिन्यांच्या टप्प्यात चारही औषधं एकाच गोळीत असतात, आणि ३५ ते ४९ किलो वजनाला रोज ३ आणि ५० ते ६४ किलोला ४ गोळ्या असतात. दरमहा वजन करा. ते बरंच वाढलं तर डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर रक्त जातंय समजून माणूस गोळ्या सोडतो. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. दारूने यकृतावरचा ताण वाढतो, हे खरं. पण प्यायला म्हणून बाहेर काढू नका. पलंग गेला की उपचारही गेले.

निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे टीबी रुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारे, पैसे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले आहेत आणि ते बँक खात्यात येतात. आधार नसेल तर ते काढताना मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. दवाखान्यात संपर्कासाठी केंद्राचा फोन नंबर द्या.

खोकला थांबल्यावर अनेक जण उपचार सोडतात. अंगात ताकद येते, माणूस पहाटे मजूर नाक्यावर जाऊ लागतो. अशा वेळी गोळ्या निघण्याआधीच द्या. गावी जाणार असेल तर निक्षय क्रमांकावरून (सरकारी टीबी नोंदणीत रुग्णाला मिळणारा क्रमांक) उपचार तिथल्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करून घ्या, प्रवासापुरत्या गोळ्या सोबत द्या आणि परत येईपर्यंत पलंग त्याच्या नावावरच ठेवा.