‘फार छान, प्रभूची स्तुती असो!’ : ख्रिस्ती लेखकांच्या गटात या चुका टाळा

ख्रिस्ती लेखकांचे गट भांडून मोडले, असं फारसं होत नाही. बहुतेक गट गोडगोड बोलून संपतात. कुणी साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाचा अनुभव, वाचतं, कुणी मनन, कुणी कथा. ऐकणारे माना डोलावतात, ‘फार छान’ म्हणतात, आणि लेख जसा आला तसाच घरी परत जातो. मग हळूहळू गळती लागते, कारण मुद्दाम वेळ काढून यावं असं तिथं काही मिळत नाही.

‘छान’वर भागवणं

‘मनाला भिडलं’ या शेऱ्यावर लेखकाला काहीच दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक वाचकाने तीनच गोष्टी लिहून आणाव्यात: कुठे गुंतलो, कुठे अडखळलो, कुठे पटलं नाही. तिन्हींना परिच्छेदाचा क्रमांक हवाच.

एक वाक्य घेऊ: ‘त्या रात्री प्रभूने माझ्या जीवनाला स्पर्श केला आणि सगळं बदललं.’ मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेला वाचक इथे न थांबता पुढे जातो, कारण रिकामी जागा तो स्वतःच्या अनुभवाने भरतो. बाहेरच्याला मात्र यातून काहीच दिसत नाही. इथे उपयोगी सूचना अशी: ‘परिच्छेद ४. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय वेगळं केलंत?’ लेखक आठवतो आणि लिहितो, ‘सकाळी उठून मी भावाला फोन केला. चार वर्षांनी.’ आता ‘सगळं बदललं’ हे शब्द खोडले तरी चालतात. ‘स्पर्श झाला’, ‘ओझं मिळालं’, ‘द्वार उघडलं’ असे ठरलेले शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा. सगळे काढायचे नसतात, पण प्रत्येकाला एकदा जाब विचारावा.

‘हे मला प्रभूने दिलंय’

हे वाक्य उच्चारलं की चर्चेचं दार बंद होतं. आता सूचना करायची म्हणजे देवाची चूक काढल्यासारखं! लेखकाला प्रेरणा मिळाली असेल, त्यावर वाद नको. पण लांबलेला तिसरा परिच्छेद त्याचा स्वतःचा आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६ मधला अपुल्लो धर्मशास्त्रात प्रवीण होता, आवेशाने बोलायचा. तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नेमका समजावून दिला. म्हणून गटात पहिल्याच दिवशी ठरवावं: प्रेरणेबद्दल कुणी बोलणार नाही, बोलणं फक्त कागदावरच्या मजकुराबद्दल. आपल्या लेखावर चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसून टिपणं घ्यावीत. उत्तरं शेवटच्या दोन मिनिटांत. खुलासा करावा लागतोय, याचाच अर्थ ते लेखात उतरलेलं नाही.

प्रार्थनेत वेळ संपणं

बोलायला अवघड वाटतं म्हणूनही प्रार्थनेचा आडोसा घेतला जातो, हे मान्य करावं. दोन तासांच्या बैठकीत सुरुवातीला दहा मिनिटं प्रार्थना, मग चार लेखांना प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं, उरलेल्या वेळात प्रार्थनाविषय. घड्याळ एकाच्याच हाती असावं आणि ते काम पाळीपाळीने फिरावं. लेख दीड हजार शब्दांपर्यंतचा, किमान तीन दिवस आधी पाठवलेला. तिथल्या तिथे ऐकून सुचतात त्या बहुतेक भाषेच्या चुका. रचनेतला दोष दुसऱ्या वाचनात सापडतो.

वचन ठिगळासारखं लावणं

यिर्मया २९:११ मधल्या ‘भविष्य आणि आशा’ नोकरी, परीक्षा, लग्न अशा कशालाही जोडल्या जातात. पण आदल्याच वचनात बाबेलसाठी सत्तर वर्षं पुरी होण्याची अट आहे. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं आहे, ते पत्र बाबेलात बंदिवासात नेलेल्या यहूद्यांना लिहिलेलं आहे, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी ती वर्षं संपलेली पाहिली नसणार. हे कळलं तर लेखातला दिलासा खोटा ठरत नाही, उलट त्याला वजन येतं. दर बैठकीला एकाने वचनांची जबाबदारी घ्यावी: अध्याय-ओवी बरोबर आहे का, अवतरण कोणत्या भाषांतरातलं आहे, आणि मागची-पुढची पाच वचनं काय म्हणतात.

कथेतही हीच खोड दिसते. शेवटच्या पानावर पात्र गुडघे टेकतं आणि सगळे प्रश्न मिटतात. त्या क्षणाची चाहूल आधी कुठे लागली, असं विचारा. उत्तर आलं नाही, तर काम शेवटावर करायचं नाही, मधल्या भागावर करायचं.

साक्षीत दुसऱ्याचं गुपित

दारू सुटली ती लेखकाची, पण मार खाल्ला तो पत्नीने. तिची परवानगी आहे का, हे गटाने विचारलंच पाहिजे. नाव बदलून भागत नाही. छोट्या मंडळीत ओळख पटतेच. गटातला कागद बाहेर पाठवायचा नाही आणि कुणाच्या लेखातलं दुःख प्रार्थनाविषय म्हणून इतरांना सांगायचं नाही. दुसरा नियम जास्त मोडला जातो, तोही चांगल्या हेतूने.

नेहमीच्या अडचणी

दोघांच्या सूचना एकमेकींच्या उलट आल्या, तर उपाय बाजूला ठेवा आणि जागा पाहा. दोघेही एकाच ठिकाणी अडखळले असतील तर तिथे काहीतरी बिघडलेलं आहे. कुणी तुमचं वाक्य स्वतःच्या शैलीत लिहून देत असेल, तर त्याला फक्त प्रश्न विचारायला सांगा. बाप्तिस्मा किंवा पवित्र आत्म्याच्या वरदानांवरून वाद पेटला, तर ‘लेखकाचं म्हणणं स्पष्ट पोचलं का’ एवढ्यावरच या. इतरांचे लेख न वाचताच सलग दोनदा बैठकीला आलेल्याचा लेख तिसऱ्या वेळी घेऊ नका.

आणि ताज्या दुःखातून लिहिलेला मजकूर आला, तर आधी लेखकालाच विचारा: सूचना हव्यात की नुसतं ऐकून घ्यायचं? ‘नुसतं ऐका’ म्हणाला तर पेन्सिली खाली ठेवा. तोच लेख छापायला पाठवायची वेळ आली, की पुन्हा टेबलावर घ्या आणि या वेळी परिच्छेदांना क्रमांक घाला.